नोकरभरतीतील अपवादाचे स्वरूप

नोकरी देताना स्त्रीपुरुषांत भेद करू नये, हे तत्त्व लिहून ठेवण्यास विधिमंडळास फारसे सायास पडत नाहीत. खरी अडचण उपस्थित होते ती अपवादापाशी. या दृष्टीने अमेरिकेचा १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि आपला १९७६ चा समान पारिश्रमिक अधिनियम हे ताडून पाहण्याजोगे आहेत.

अमेरिकन कायद्यात धर्म, लिंग वा राष्ट्रीय मूळ ही त्या धंद्याच्या व्यवहारास वाजवीपणे आवश्यक अशी खरीखुरी व्यावसायिक अर्हता असेल, तरच भेद क्षम्य ठरतो. वंश व वर्ण यांना हा अपवाद मुळीच नाही. येथे प्रश्न विचारला जातो तो कामाला. विमानप्रवाशांना परिचारिकाच आवडतात, हा पॅन अमेरिकन कंपनीचा बचाव १९७१ मध्ये अपील न्यायालयाने फेटाळला, तो याच कसोटीवर: विमानकंपनीचे मुख्य काम प्रवाशास सुखरूप पोहोचविणे, त्याचे मन रमविणे नव्हे.

तथापि कसोटी चांगली म्हणून निकाल चांगला, असे होत नाही. अलाबामा राज्यात तुरुंगरक्षकाच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या रॉलिन्सन या तरुणीस वजन १२० पौंडांहून कमी म्हणून नाकारण्यात आले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उंची-वजनाची अट रद्द केली. परंतु पुरुषांच्या कडेकोट तुरुंगांत कैद्यांशी प्रत्यक्ष संबंध येणाऱ्या जागांवर स्त्रिया नकोत, हा नियम मात्र उचलून धरला. कारण काय, तर तेथील बेबंद हिंसाचार आणि अपुरे रक्षक! ज्या तुरुंगांची अवस्था घटनाबाह्य असल्याचा निर्णय आधीच झाला होता, त्यांच्याच दुरवस्थेतून अर्हता निर्माण झाली. न्यायमूर्ती मार्शल यांनी भिन्नमतात नेमके यावरच बोट ठेवले, आणि त्यांचा युक्तिवाद आम्हांस निरुत्तर करणारा वाटतो. राज्याने आपला दोष दूर करावयाचा, की त्याची किंमत उमेदवाराकडून वसूल करावयाची? पुढे १९९१ मध्ये बॅटरीच्या कारखान्यातील शिशाच्या कामावरून प्रजननक्षम स्त्रियांना वगळण्याचे धोरण त्याच न्यायालयाने अवैध ठरविले आणि अपवाद पुन्हा कामाच्या क्षमतेशी बांधला.

आपल्या अधिनियमाच्या पाचव्या कलमाची घडण याहून निराळी आहे. (राखीव जागांविषयीच्या परंतुकाचा विचार येथे केलेला नाही.) ज्या कामावर स्त्रियांची नेमणूक कोणत्याही कायद्याने निषिद्ध वा मर्यादित केली असेल, ते काम सोडून भरतीत भेद करू नये, असे ते कलम सांगे. म्हणजे प्रश्न कामाला नव्हे, दुसऱ्या कायद्याला! तो कायदा जुनाट असो वा अविचारी, अपवाद त्याच्यामागे मुकाट्याने जातो. अमेरिकेतील चूक कलमाच्या विनियोगातील होती, म्हणून न्यायालयास ती सावरता आली. आमची चूक कलमाच्या शब्दांतच आहे.

१९१४ च्या पंजाब अबकारी कायद्याचे तिसावे कलम हे याचे ठळक उदाहरण. लोक जेथे मद्य पितात अशा जागी कोणतीही स्त्री, तसाच २५ वर्षांखालील पुरुष, कामास ठेवण्यास त्याने मनाई केली होती. दिल्लीत लागू असलेले हे कलम उच्च न्यायालयाने रद्द केले व ६ डिसेंबर २००७ रोजी अनुज गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. स्त्रीच्या सुरक्षिततेसाठी तिच्या स्वातंत्र्यावर बंधन घालण्याऐवजी राज्याने सुरक्षितता पुरवावी, ही त्यातील भूमिका मार्शल यांच्या भिन्नमताशी जुळते. मात्र हा विजय संविधानाचा होता. पाचव्या कलमाचा तेथे काहीच उपयोग नव्हता. मनाई कायद्यानेच केलेली असल्यामुळे ते मुळातच निष्प्रभ होते.

२०१९ च्या वेतन संहितेने १९७६ चा अधिनियम आपल्यात सामावून घेतला, आणि हा अपवाद जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा लिहिला. निवाड्यास तोवर सुमारे बारा वर्षे लोटली होती.