उन्हाच्या शहरातली पाणीपाळी

व्हॅलेन्सियाला जायचं तर मुक्कामात एक गुरुवार यायला हवा. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचं, भूमध्य समुद्राला लागून वसलेलं हे शहर बघायला लोक येतात ते उन्हासाठी. उत्तर युरोपातली माणसं तर हिवाळ्यात हाडं शेकायलाच येतात. ऊन आहेच, आणि भरघोस आहे. पण ते कोणत्याही वारी भेटतं. या शहराचा स्वभाव कळतो तो गुरुवारी दुपारी बारा वाजता.

कॅथीड्रलच्या एका दाराला ‘प्रेषितांचं दार’ म्हणतात. त्यासमोर लोखंडी कठड्याच्या आत आठ खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या असतात. बाराचे टोल पडले की काळे सैल अंगरखे घातलेली आठ माणसं येऊन बसतात: हे इथलं पाणी-न्यायालय. ही सगळी शेतकरी; तुरिया नदीतून निघालेल्या पाटांवरच्या बागायतदारांनी निवडून दिलेली. सोबत एक चोपदार असतो. त्याच्या हातातल्या लांब काठीला पितळी आकडा आहे. तो एकेका पाटाचं नाव घेऊन, त्या पाटावरच्या कोणावर आरोप असेल तर त्यानं पुढे यावं, असा पुकारा करतो. क्वार्ट, मिस्लाता, फावारा, मेस्ताया... फुटबॉलच्या चाहत्यांना ‘मेस्ताया’ हे मैदान म्हणून ठाऊक असतं. त्या मैदानाला नाव मिळालं ते याच पाटावरून.

मी उभी होते त्या गुरुवारी एकही आरोपी पुढे आला नाही. बहुतेक गुरुवारी येत नाही. नाव पुकारलं जातं, क्षणभर शांतता होते, मग पुढचं नाव. पाच-दहा मिनिटांत पाणी-न्यायालय उठतं. भोवतालच्या गर्दीत काहींचा हिरमोड झालेला दिसला. नाट्य बघायला यावं आणि पडदा उघडताच पडावा, तसं त्यांना झालं. मला त्या प्रत्येक नावानंतरची शांतताच ऐकत राहावीशी वाटली. कारण चौकात, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, भर दुपारी उभं राहण्याची वेळ येऊ नये म्हणून तंटे बांधावरच मिटतात. या न्यायालयाची ताकद त्या रिकाम्या क्षणात ऐकू येते.

आणि तंटा आलाच, तर? वकील नाही. युक्तिवादाचे कागद नाहीत. पाटाचं दार आपली पाळी नसताना उघडलं, पाणी फुकट जाऊ दिलं, पाट साफ केला नाही, असले आरोप तोंडी मांडायचे आणि तोंडीच उत्तर द्यायचं, तेही व्हॅलेन्सियाच्या स्वतःच्या भाषेत. ज्या पाटाचा तंटा, त्याचा प्रतिनिधी निवाड्यात भाग घेत नाही. आरोपी नदीच्या डाव्या तीरावरचा असेल तर निवाडा सुचवायचा उजव्या तीराच्या पंचांनी, आणि उजवीकडचा असेल तर डावीकडच्यांनी. निकाल तिथल्या तिथे लागतो. त्यावर अपील नाही. ही रीत अरबांच्या राजवटीपासून, म्हणजे हजारेक वर्षांपासून चालत आली, असं परंपरा सांगते. २००९ साली युनेस्कोनं तिला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला.

इतक्या काटेकोरपणाचं कारण आभाळात आहे. व्हॅलेन्सियाला वर्षाकाठी पाऊस पडतो साडेचारशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्या माण-खटावच्या माणसाला हा आकडा ऐकून काही समजावून सांगावं लागणार नाही. त्यातही उन्हाळे जवळजवळ कोरडे जातात आणि शरद ऋतूत चार दिवसांत आभाळ कोसळतं. अशा ठिकाणी ऊन प्रत्येकाच्या अंगणात आपसूक येतं. पाणी मात्र मोजून, ठरवून, पाळीनं वाटून घ्यावं लागतं. ‘वाटणी’ हा शब्द मनात धरून मी हे शहर पाहिलं, आणि त्याचे एकेक पदर सुटत गेले.

या वाटणीतली सगळ्यात सुंदर गोष्ट तिच्या मापात आहे. प्रत्येक पाटाचा हक्क ठरलेल्या इतक्या-इतक्या पाण्यावर नसतो. नदीत असेल त्या पाण्यातल्या हिश्श्यावर असतो. नदी भरून वाहिली तर सगळ्यांचं भरतं, आटली तर सगळ्यांचंच आटतं. शिवाय पाणी जमिनीला बांधलेलं. जमीन विकून पाणी मागे ठेवता येत नाही, आणि पाणी वेगळं काढून विकताही येत नाही. दुष्काळाचं दुःखसुद्धा हिश्श्याप्रमाणे वाटून घ्यायचं, हा विचार दगडी पाटांच्या रूपानं शेतांतून हिंडतो आहे.

शहराच्या उत्तरेला आल्बोरायाच्या शिवारात गेलं की तो हिंडताना दिसतो. हातभर रुंदीचा पाट, त्याला लहानसं दार, दार वर उचललं की पाणी आधी थबकतं आणि मग सरीत शिरतं. मातीचा रंग पावलापावलानं गडद होत जातो. इथे चुफा पिकतं. आपल्या नागरमोथ्याच्या कुळातलं हे गवत. त्याच्या मुळाशी धरलेल्या बारीक गाठी भिजवून, वाटून, गाळून ‘ओर्चाता’ नावाचं दुधाळ, गार पेय करतात. पहिल्या घोटाला ते नुसतं गोड लागतं. दुसऱ्या घोटाला ओल्या मातीची आठवण जिभेवर येते आणि मग पेला खाली ठेवावासा वाटत नाही.

पाटाला इथे ‘आसेकिया’ म्हणतात, तो शब्द अरबी. भाताचं ‘आरोस’ही अरबीतूनच आलं. आणि संत्र्याचं ‘नारांखा’? संस्कृत नारंग फारसीत गेलं, तिथून अरबीत, आणि अरबांबरोबर या किनाऱ्यावर उतरलं. मराठीत आपण नारिंग म्हणतो. बाजारात संत्र्यांच्या राशीवरची पाटी वाचताना मला घरचं माणूस परगावी भेटावं तसं झालं. नवं पीक आलं, ते शेतात रुजलं, आणि पीक व पाणी दोन्ही आणणाऱ्यांची भाषा तोंडात राहिली. १२३८ साली पहिल्या जाउमे राजानं हे शहर जिंकून घेतलं, मशिदीच्या जागी कॅथीड्रल उभं राहिलं. पण पाट तेच राहिले आणि त्यांच्या वाटणीची रीतही राहिली. विजेत्यालाही तहान लागतेच.

कॅथीड्रलपासून थोडं चालत गेलं की ‘ला लोन्खा’ लागते. ही रेशमाची पेठ. १४८२ साली पेरे कोम्प्ते या स्थपतीच्या हाताखाली ही इमारत उभी राहू लागली आणि पुढची पन्नास वर्षं काम चाललं. बाहेरून किल्ल्यासारखी दिसणारी ही वास्तू आत गेल्यावर श्वास रोखायला लावते. सौदे ठरवायच्या दालनात मधोमध आठ खांब मोकळे उभे आहेत, सुमारे सोळा मीटर उंच, आणि प्रत्येकाला पीळ दिलेला. दगडाचा खांब पीळ दिलेला असावा ही कल्पनाच किती धीट! एका खांबाच्या पायथ्याशी उभं राहून मी त्याची एकच धार नजरेनं धरली आणि वर वर जात राहिले. ती धार वळसा घेऊन पलीकडे लपते, पुन्हा समोर येते, बारीक होत जाते, आणि छताशी पोचल्यावर पिळाचे पदर सुटून माडाच्या झावळ्यांसारखे चहूकडे फाकतात. रेशमाची लड पिळून दगडात धरून ठेवावी, तसा तो खांब. उंच खिडकीतून येणारं ऊन त्याच्यावर सपाट पडूच शकत नाही. पिळाच्या अंगानं उजेड आणि सावली एकमेकांना वाट देत वर चढतात.

त्याच दालनाच्या चारी भिंतींवर, वरच्या बाजूला, एक लॅटिन लेख पट्टीसारखा फिरवलेला आहे. व्यापाऱ्यांना उद्देशून लिहिलेल्या त्या लेखाचा आशय असा: जो बोलण्यात फसवत नाही, शेजाऱ्याला दिलेला शब्द मोडत नाही आणि व्याजानं कोणाला नाडत नाही, तो संपन्न होईल आणि त्याला शाश्वत जीवनही लाभेल. सौदा करणाऱ्यानं मान वर केली की हे वाक्य दिसायचं. पाणी-न्यायालयाचं कामकाज तोंडीच चालत आलं आणि लोन्खानं भिंतीवर लिहून ठेवलं. पण दोघांनी मागितलं ते एकच, शेजाऱ्याशी इमान. समोर १९२८ साली उघडलेला लोखंड-काचेचा मोठा बाजार आहे, तिथे आजही सकाळी तेच चालू असतं: भाव, माप, शब्द.

वाटणीचा जिभेला कळणारा पाठ मिळतो तो रविवारच्या जेवणात. ‘पाएया’ हे खरं तर कढईचं नाव. पसरट, उथळ, दोन कानांची. ती पसरट असण्यामागे युक्ती आहे. भाताचा थर बोटभरच राहावा, म्हणजे प्रत्येक दाण्याला तळाची धग मिळते. कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, मोठा पांढरा पावटा, टोमॅटो, केशर. आणि तांदूळ दक्षिणेच्या आल्बुफेरा सरोवराकाठचा, जिथे भातखाचरांत पाणी घेणं आणि सोडणं हेही ठरवूनच होतं. तांदूळ पडल्यावर ढवळायचं नाही. शेवटी पाणी आटतं, कढई बारीक चुरचुरायला लागते आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती बोलायची थांबून कान देते. तळाशी खरपूस खरवड धरते आहे, तिला इथे ‘सोकारात’ म्हणतात. क्षणभर उशीर झाला तर ती करपते.

मग कढई तशीच मधोमध ठेवतात. ताटं नाहीत, लाकडी चमचे. जो तो आपल्या समोरच्या कडेपासून मध्याकडे खात जातो. पाच जण बसले तर गोलाचे पाच कोन आपोआप होतात. रेघ कोणी मारत नाही, आणि शेजारच्या कोनात चमचा जात नाही. दोन कोनांच्या मधला भात शेवटपर्यंत एखाद्या बांधासारखा उभा राहिलेला मी पाहिला. खरवड मात्र हक्कानं खरवडायची आणि लहानग्यांपुढे सारायची.

या शहराच्या उन्हाचा चित्रकार होआकीन सोरोया. १८६३ साली इथेच जन्मला. दोन वर्षांचा असताना कॉलऱ्यानं आईवडील दोघांनाही नेलं. मावशीकडे वाढलेल्या या मुलानं पुढे मालवारोसाच्या पुळणीवर उभं राहून उजेड रंगवला. त्याची ओल्या अंगाची मुलं, वाऱ्यानं फुगलेले पांढरे झगे जगभर ठाऊक आहेत. मला मात्र त्याचं १८९९ चं ‘उदास वारसा’ हे चित्र सोडत नाही. किनारा तोच. इस्पितळातली मुलं समुद्रात उतरताहेत. काहींच्या काखेत कुबड्या. काळ्या वेशातला एक धर्मबंधू एका मुलाला आधार देऊन उभा आहे. समुद्र गडद निळा, जड. आणि तरीही ऊन त्या अशक्त पाठींवर, वाकड्या पायांवर तितक्याच लक्षपूर्वक पडलं आहे, जितकं त्याच्या दुसऱ्या चित्रांतल्या धडधाकट मुलांच्या अंगावर पडतं. ओल्या कातडीवर पडल्यामुळेच ते दिसतं. कोरड्या वाळूवर तेच ऊन नुसतं पसरलेलं आहे. उजेडाचा हिस्सा सोरोयानं एकाही मुलाला कमी दिला नाही.

पण पाणी नेहमी पाळीनं येत नाही. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी तुरिया शहरात शिरली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यानंतर नदीच उचलून शहराच्या दक्षिणेकडून नव्या पात्रात वळवली. जुनं पात्र कोरडं पडलं. तिथून हमरस्ता न्यावा असा बेत होता. लोकांनी तो मोडून काढला: पात्र आमचं आहे आणि ते हिरवं हवं, अशी मागणी त्यांनी लावून धरली. आज तिथे जवळपास ९ किलोमीटर लांबीची बाग आहे. शतकांपूर्वीच्या दगडी पुलांच्या कमानीखालून आता पाण्याऐवजी सायकली जातात, पोरं चेंडू खेळतात, म्हातारे संत्र्याच्या झाडाखाली बसतात. टोकाला सान्तियागो कालात्रावाच्या शुभ्र इमारती उथळ पाण्यात आपलं रूप बघत उभ्या आहेत. त्या देखण्या आहेत. मी पुन्हा जाईन ती मात्र कमानींखाली.

२९ ऑक्टोबर २०२४ ला आभाळ पुन्हा कोसळलं. नव्या पात्रानं शहराला वाचवलं. पण त्या पात्राच्या पलीकडच्या गावांतून, एरवी कोरडाठाक असणाऱ्या पोयो ओढ्याचं पाणी घराघरांत घुसलं. प्रांतात दोनशेहून अधिक माणसं मेली. इशारा उशिरा पोचल्याचा संताप रस्त्यावर उतरला, आणि तो रास्त होता. कोरडं राहिलेलं शहर आणि बुडालेली गावं, यांच्यामध्ये तीच १९५७ नंतर खणलेली नदी होती. ही वाटणी कोणत्याही पंचांनी केलेली नव्हती.

त्या दिवसांतली एक दृश्यमालिका जगानं पाहिली. नव्या पात्रावरच्या पादचारी पुलावरून माणसांची रांग चालली होती, हजारोंनी, बरीचशी तरुण पोरं. खांद्यावर फावडी, खराटे. हातात पाण्याच्या बाटल्या, बादल्या. कोरड्या तीरावरून ओल्या तीराकडे. संध्याकाळी तीच माणसं गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून परत येत होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निघत होती. ऊन स्वच्छ पडलं होतं. शतकानुशतकं पाण्याच्या पाळीचा हिशेब चोख ठेवणारं शहर, चिखलाच्या पाळीलाही हजर होतं.