अर्धा खोपा आणि राजाबाई टॉवर

१९३० साली सालिम अली किहीमला सुगरण पक्ष्यांची वसाहत न्याहाळत होते. मराठीत नाव बाईचं असलं, तरी खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की मादी येते, आत शिरते, तपासते. पटला तर ती तिथे संसार मांडते आणि नर उरलेलं काम पुरं करतो. नाही पटला, तर खोपा अर्धाच लटकत राहतो.

थोडक्यात, जिला राहायचंय तिचं मत काम संपायच्या आत घेतलं जातं. हीच कसोटी मुंबई विद्यापीठाच्या इमारतींना लावून बघू. परकं काही नाही, रायगडातली कॉलेजंही याच विद्यापीठाची.

किहीमहून मांडवा, तिथून लाँचने गेटवे, मग थोडी पायपीट की समोर २८० फुटी राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावासाठी पैसा दिला आणि १८७८ मध्ये तो पुरा झाला. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते मुंबईत कधी आलेच नाहीत, लंडनहून कागद पाठवले. तरी इमारत एका परीक्षेत पास होते. पश्चिमेला तोंड, कमानींच्या उघड्या गॅलऱ्या, बाहेरच्या अंगाला गोल जिने. आपल्याकडे पडवी जे करते, तेच त्या दगडात करतात: ऊन अडवतात, वारा आत घेतात.

नापास कुठे होते? टॉवरवर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या समाजांच्या माणसांचे २४ पुतळे आहेत. इथल्या माणसाला दगडात, खूप उंचावर जागा मिळाली. खाली त्याने बसायचं कुठे, हे त्याला कुणी विचारलं नाही. २०१८ मध्ये या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आज आपण ओव्हल मैदानातून टॉवरचा फोटो काढतो आणि शिकायला मात्र कलिन्याला जातो.

कलिन्याचा फोटो कुणी स्टेटसला ठेवत नाही. रानडे भवन, जवाहरलाल नेहरू ग्रंथालय ही नावं मोठी, इमारती साध्या. साधेपणाला माझी हरकत नाही. उलट, फोर्टच्या देखण्या वास्तूत कधीच मावली नसती एवढी मुलं या साध्या भिंतींनी सामावून घेतली, हे त्यांचं श्रेय. माझी तक्रार वेगळी आहे. इथे वर्गाचा विचार झाला, दोन लेक्चरांमधल्या दोन तासांचा झाला नाही. भवनं एकमेकांपासून लांब, मधली सावली झाडांची. पहाटे घर सोडून आलेल्या मुलीने डबा कुठे उघडायचा, वाद कुठे घालायचा? शिक्षणाचा निम्मा भाग तर तिथेच होतो.

म्हणून ‘जुनं सुंदर, नवं भिकार’ हा निकाल मला मान्य नाही. जुन्याने वारा ओळखला, नव्याने गर्दी ओळखली. राहणाऱ्याला दोघांनीही विचारलं नाही.

सालिम अलींकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, त्यापायी त्यांची एक नोकरीही हुकली. त्यांचा वर्ग किहीमच्या खोप्यांखाली भरला. पुढचं भवन बांधताना त्या वर्गातला एवढाच धडा घ्यावा: इमारत अर्धी झाली की मुलांना आत सोडा. ती कुठे टेकतात, कुठून पळ काढतात, ते बघा. मग उरलेलं बांधा.