पुरलेले धन आणि विसरलेला धनी

स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी १८८३ साली पुस्तकरूपाने निघाली, आणि तेव्हापासून चाचा म्हटला की जुना नकाशा, निर्जन बेट व पुरलेली मोहरांची पेटी ही त्रयी वाचकांच्या मनात कायमची ठसली. कथानकाची घट्ट वीण आणि लाँग जॉन सिल्व्हरचे मोहक कपट यांविषयी दुमत होण्याचे कारण नाही. विचार करावयाचा तो तीमागील दंतकथेचा.

कादंबरीतील बेटाच्या एका बंदराला कॅप्टन किडचे नाव आहे, व पुरलेल्या धनाची ख्याती ज्यांना चिकटली त्यांत किडच अग्रेसर होय. त्याचा इतिहास मात्र निराळा आहे. १६९६ साली तो राजाची सनद घेऊन चाच्यांच्या पारिपत्यास निघाला, आणि अखेर स्वतःच चाचा ठरला. ३० जानेवारी १६९८ रोजी मलबारच्या किनाऱ्याजवळ त्याने बंगालहून सुरतेस चाललेले ‘केदाह मर्चंट’ हे जहाज पकडले. त्यात आर्मेनियन व्यापाऱ्यांचा रेशीम, मलमल, साखर, अफू असा माल होता. या लुटीपायी सुरतेच्या इंग्रज वखारीवर मोगलांचा रोष ओढवला. जहाज घेऊन किड कॅरिबियन समुद्रात गेला. १६९९ साली न्यूयॉर्कजवळील गार्डिनर्स बेटावर त्याने जे पुरले, ते अधिकाऱ्यांनी लगेच हस्तगत केले. आणि २३ मे १७०१ रोजी लंडनला त्यास फाशी झाली. लोक मात्र पुढेही बेटे खणीतच राहिले. २००७ साली डोमिनिकन प्रजासत्ताकातील कातालिना बेटापाशी त्या जहाजाचे अवशेष आढळले, तेव्हा दृष्टीस पडल्या त्या तोफा आणि नांगर.

मग मलमलीचे व साखरेचे सोने कोणी केले? दंतकथेनेच. कापडाच्या गाठोड्यामागे विणकर असतो, व्यापारी असतो, त्याची फिर्याद असते. पुरलेल्या नाण्यावर धन्याचे नाव नसते. म्हणूनच त्याचा लोभ निर्दोष वाटतो. हे धन जमविताना किती रक्त सांडले असेल, असा प्रश्न स्टीव्हन्सनच्या बालनायकाच्या मनात क्षणभर येतो, हे लेखकाच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय. पण ते परत कोणास द्यावयाचे, हा प्रश्न पुस्तकात कोणीच विचारीत नाही. वाटणी होते, मंडळी सुखाने घरी परततात.

मुलांच्या हाती हे पुस्तक अवश्य द्यावे. मात्र शेवटचे पान मिटल्यावर सुरतेच्या त्या व्यापाऱ्यांची हकीकतही त्यांस सांगावी; कादंबरीची गोडी तेवढ्याने कमी होणार नाही.