पडद्यावरचे मासिक

मासिक वाचावेसे का वाटते, असे कोणी विचारले की आपण चटकन लेखकांची नावे घेऊ लागतो. मजकुराचा कस महत्त्वाचा, हे खरेच. परंतु का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकाने जीव लावला तो अंकाला, सुट्या लेखांना नव्हे. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, टाइप, कडेची मोकळी जागा या साऱ्यांतून अंकाला एक घाट येतो. आता मासिक कागद सोडून संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर आले आहे. तो घाट त्याच्याबरोबर आला आहे काय, एवढेच मला येथे पाहावयाचे आहे.

प्रथम अक्षराचे पाहू. देवनागरीला डोक्यावर मात्रा, वेलांटी व रफार आणि पायाशी उकार सांभाळावे लागतात. रोमन लिपीला पुरणारे ओळींतील अंतर तिला पुरत नाही. ओळी एकमेकींना खेटतात आणि डोळा थकतो. त्यातच पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे लावण्याची हौस! अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान साडेचारास एक असावे, हा संकेत २००८ सालापासून जगभर मान्य आहे. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर तेही मिळू शकतात; टंकात ती रूपे असली आणि पानाची भाषा मराठी असल्याचे संगणकाला सांगितले म्हणजे झाले. र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षररसिकाने पडद्यासाठी ‘मंगल’ टंक घडविला, त्या भाषेत ही अनास्था शोभत नाही.

दुसरी गोष्ट अंकाच्या सीमेची. चांगल्या अंकाला आरंभ असतो आणि शेवटही असतो. अनुक्रमणिका वाचकाला सांगते, की संपादकाने एवढे निवडले आहे, ते या क्रमाने मांडले आहे. जे पान खाली सरकवावे तितके वाढतच जाते, त्यात निवड दिसत नाही, साठा दिसतो. आणि लेखात दोन परिच्छेद शिरतो न शिरतो तोच मध्ये चौकट उभी राहते व पत्ता मागते. पाहुण्याने उंबरठा ओलांडण्यापूर्वीच त्याच्या हाती वर्गणीची पावती देण्यासारखे हे आहे.

काही संपादक कागदी अंकाच्या पानांची छायाचित्रेच जशीच्या तशी पडद्यावर ठेवतात. रूप राखले जाते, परंतु मोबाइलवर प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे ओढत वाचावी लागते. शिवाय मजकूर वाचून दाखविणाऱ्या यंत्रावर विसंबणाऱ्या अंध वाचकाला अशा चित्रातून सहसा काहीच ऐकू येत नाही.

यावर असा आक्षेप येईल, की सुलभतेचा एवढा आग्रह कशाला? साहित्याने वाचकाला कष्टवावेच. मला हे मान्य आहे. पण ते कष्ट अर्थाचे असावेत, दाराच्या कडीचे नव्हेत. मर्ढेकरांची कविता अवघड आहे म्हणून ती पुसट शाईत छापावी, असे कोणी म्हणत नाही.

सर्वांत मोठा प्रश्न टिकण्याचा आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी निरनिराळी संकेतस्थळे आपापले टंक वापरीत. ते टंक नाहीसे झाले आणि तेव्हाचे कितीतरी मराठी लेखन आज उघडल्यास रोमन अक्षरांचा अर्थहीन बुजबुजाट दिसतो. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली, पण तिचे बांधीव खंड ग्रंथालयात हाती घेता येतात. पडद्यावरच्या मासिकाचे वार्षिक भाडे थकले की मासिकाबरोबर त्याचे मागील अंकही जातात. मग समीक्षकाने कशाचा आधार द्यावा, आणि उद्याच्या कवीने कोणाशी भांडावे?

म्हणून पडद्यावरच्या मासिकाकडून माझी अपेक्षा साधी आहे. अक्षर स्वच्छ असावे, अंकाला सीमा असावी, प्रत्येक लेखाला न बदलणारा पत्ता असावा, आणि जुन्या अंकांची प्रत दुसऱ्या कोणाकडे तरी जपलेली असावी. सजावट त्यानंतर करावी. मासिकाचे आकर्षण वाचकाला पुन्हा तेथे यावेसे वाटण्यात असते. आणि पुन्हा यावयाचे तर ते स्थळ जागेवर असावे लागते.