कोल्हापूरचे दोन कर्ण

महाभारत कुरुक्षेत्रावर घडलं, असं पुराणवाले, कीर्तनकार आणि हरियाणाचं पर्यटन खातं एकमुखानं सांगतात. आम्हां कोल्हापूरकरांचा त्याला विरोध नाही. आमचं म्हणणं एवढंच, की कर्ण आमचा. जन्म तिकडचा असेल, पण पोरगं वाढलं इकडं. आणि कर्णाच्या बाबतीत जन्माला किती किंमत द्यायची नि वाढवण्याला किती, हे ज्याला कळलं त्यालाच कर्ण कळला!

पुरावा हवा? घ्या. कोल्हापूरहून दक्षिणेला निघालात की घनसाळ तांदळाचं आजरा लागतं. तिथं 1940 साली शिवाजी सावंत जन्मले. तसंच पुढं बेळगावच्या अंगाला सरकलात की चंदगड तालुक्यात ताम्रपर्णीच्या काठी कोवाड लागतं. ते रणजित देसायांचं गाव. सावंतांचा 'मृत्युंजय' आला 1967 साली आणि देसायांचा 'राधेय' 1973 साली. एकाच जिल्ह्यात, सहा वर्षांच्या अंतरानं, एकाच नावाचे दोन नायक! इतर जिल्ह्यांना एखादा साखर कारखाना मिळवायला याहून जास्त वर्षं लागतात.

परिणाम असा, की आमच्याकडे वाचनालयात जाऊन कुणी नुसतं "कर्णाचं पुस्तक द्या" म्हटलं तर ग्रंथपाल मान वर न करता विचारतो, "जाड का बारीक?" जाड म्हणजे मृत्युंजय. तो दुपारी वाचता येतो आणि रात्री उशाला घेता येतो. बारीक म्हणजे राधेय. तो एका बैठकीत संपतो, पण नंतर माणूस बराच वेळ उठत नाही.

आता नाव एक आहे म्हणून माणूस एक, असं थोडंच असतं? आमच्या पेठेत एका हाकेला चार शिवाजी खिडकीतून डोकावतात. चौघांची मिशी वेगळी, उधारी वेगळी. मद्रासकडं 1964 साली 'कर्णन' नावाचा सिनेमा निघाला, त्यातला कर्णही एक शिवाजीच होता, शिवाजी गणेशन. त्यांना हे नाव मिळालं तेच मुळी नाटकात शिवाजी महाराजांची भूमिका केली म्हणून. म्हणजे नाव कुणाचं, अंगावर कुणाच्या आणि शोभतंय कुणाला, हा हिशेब कर्णाच्या आसपास नेहमीच गुंतागुंतीचा.

कर्णाचं खरं मर्म त्याच्या पुस्तकांच्या पाट्यांवरच लिहिलेलं आहे. शिरवाडकरांनी 1953 साली कर्णावर नाटक लिहिलं, त्याचं नाव 'कौंतेय'. म्हणजे जन्म देणाऱ्या आईचं नाव. देसायांनी सांभाळणाऱ्या आईचं नाव घेतलं, 'राधेय'. सावंतांनी दोघींनाही नमस्कार केला आणि पोराला स्वतःच्या कर्तृत्वाचं नाव दिलं, 'मृत्युंजय'. एका माणसाची तीन नावं, आणि तिन्हीं नावांत 'तू कुणाचा?' या एका प्रश्नाची तीन उत्तरं.

सावंतांना कर्ण भेटला तो शाळेच्या रंगमंचावर. शाळेतल्या एका नाटकात ते कृष्ण झाले होते. पण कृष्णाचा मुकुट घातलेल्या त्या पोराचा डोळा मात्र समोरच्या कर्णावर! पुढं कोल्हापुरात शिक्षकी करता करता त्यांनी तो कर्ण कागदावर उतरवला. त्यासाठी कुरुक्षेत्रही बघून आले. कादंबरीत कर्ण स्वतः बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण हे सगळे आपापली साक्ष देतात, आणि शेवटचा साक्षीदार कोण? कृष्ण. टीकाकारांनी या रचनेबद्दल बरंच काही लिहिलं आहे. मला विचाराल तर शाळेत मिळालेली भूमिका या माणसानं शेवटपर्यंत सोडली नाही, एवढंच. ज्या पोरानं कृष्ण होऊन कर्णाकडं पाहिलं, त्यानंच मोठा झाल्यावर कृष्णाच्या तोंडून कर्णाला निरोप दिला.

देसायांचा कर्ण असा भरल्या सभेत येत नाही. तो संध्याकाळी वाड्याच्या सोप्यावर एकटा बसलेला असतो. महाभारताची पानं चाळू नका, स्वतःच्या मनात डोकावा, अशा अर्थाचं देसायांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं आहे. म्हणून राधेयात शंखनाद कमी आणि उसासे जास्त. आणि गंमत बघा. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या सावंतांचा कर्ण सूर्यासारखा झळाळतो, आणि इनामदारांच्या वाड्यात वाढलेल्या देसायांचा कर्ण सारथ्याच्या घरातल्या आईचं नाव लावतो. ज्याच्याकडं जे नव्हतं ते त्यानं कर्णाला दिलं. दानशूर कर्णालाही कुणीतरी काही द्यायला नको का?

पण हे दोघे इथंच का उगवले? माझं आपलं एक मत आहे. एक तर हे कुस्तीचं गाव. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान 1912 सालापासून पैलवानांचा निकाल लावतंय. कर्ण आणि अर्जुन समोरासमोर उभे आहेत, जोड लागली आहे, आणि तेवढ्यात पंच म्हणून कृपाचार्य पुढं येतात आणि विचारतात, "तुझं कुळ कुठलं?" हा प्रसंग वाचताना कोल्हापूरचा वाचक पुस्तकातच ओरडतो, "अवो, कुळ कशाला इचारताय? वस्ताद कोण ते इचारा की!" लढत न होता सुटलेली ती कुस्ती आमच्या मनात अजून निकाली निघालेली नाही.

दुसरं कारण जास्त खोल आहे. 1899 साली याच गावात, पंचगंगेच्या काठी, राजा कार्तिकस्नान करत असताना पुरोहित वेदोक्त न म्हणता पुराणोक्त मंत्र म्हणत होता. कारण काय, तर यजमान शूद्र. यजमान होता करवीरचा छत्रपती! आणि तोही कागलच्या घाटग्यांकडून 1884 साली दत्तक आलेला. जन्माचं घर एक, नाव दुसऱ्या घराचं, आणि नदीच्या पाण्यात उभं असताना कुणीतरी कुळ काढतंय. महाभारतातला कर्ण याहून वेगळा काय होता? त्याच राजानं 1902 साली निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या. दोघा कादंबरीकारांनी हे मनात धरून लिहिलं असं मी म्हणत नाही. पण ज्या मातीत हा प्रश्न एकदा एवढा चिघळला, तिथं कर्णाला वाचक कमी पडत नाहीत.

एवढं कौतुक झाल्यावर थोडी टीका करतो, नाहीतर समीक्षक म्हणून मला कुणी चहा विचारणार नाही. व्यासांचा कर्ण इतका गोड नाही. भर सभेत तो द्रौपदीला नको तो शब्द वापरतो आणि तिची वस्त्रं उतरवायला सांगतो. अभिमन्यूचं धनुष्यही तोच तोडतो. इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त' 1967 सालचंच, म्हणजे मृत्युंजयचं जुळं भावंड. पण बाईंनी कर्णाला फारशी सवलत दिली नाही. आमचे दोघे मात्र त्या सभेपाशी आले की जरा मऊ होतात. अपराधाच्या अलीकडं अपमानाची उशी, पलीकडं पश्चात्तापाची. गल्लीतल्या पोरानं काच फोडली की आपण म्हणतो ना, "पोरगं तसं चांगलंय हो, संगत वाईट," तसं! पश्चात्ताप व्यासांकडंही आहे, कर्ण तो कृष्णाजवळ बोलून दाखवतो. पण व्यास काच फुटलेली तशीच ठेवतात, पुसून घेत नाहीत.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनं बाराशेवर हस्तलिखितं तपासून महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 साली पुरी केली. 'सूतपुत्राला मी वरणार नाही' हा द्रौपदीचा प्रसिद्ध नकार त्यांनी मूळ संहितेतून काढून तळटीपेत नेऊन बसवला. पुण्यानं गाळलं, आणि वर्षभरात कोल्हापूरनं वाढलं! दोन्ही गावांच्या पंगतीला जेवलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

पण कर्णावरची सगळ्यात चांगली समीक्षा मी ऐकली ती आमच्या गल्लीतल्या एका मावशींच्या तोंडून. बहिणीचं पोर त्यांनी दोन महिन्यांचं असताना उचललं आणि वाढवलं. पोरगं नोकरीला लागलं, लग्न ठरलं, आणि एवढी वर्षं न फिरकलेली जन्मदात्याकडची मंडळी पत्रिकेवर नाव घालायला हजर झाली. तेव्हा राधेयाचा विषय कुणीतरी काढला. कुंती किती रडली असेल, वगैरे. मावशी वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रडली आसंल. पर हागमूत कुणी काढलं?"

सगळे गप्प झाले. मी घरी येऊन उद्योगपर्व उघडलं. कृष्ण कर्णाला त्याचा जन्म सांगतो, राज्य देऊ करतो, पांडव पाय धरतील म्हणतो. त्यावर कर्ण काय उत्तर देतो? राधेला माझ्यासाठी पान्हा फुटला, तिनं माझं मलमूत्र काढलं, तिच्या पिंडाला मी कसा मुकवू? मावशींनी व्यास वाचले नव्हते. व्यासांनी मात्र मावशी पाहिल्या असणार! राज्याभिषेकाच्या पाण्यानं भिजलेलं डोकं धावत आलेल्या सारथ्याच्या पायांवर ठेवणारा कर्ण त्यांनीच लिहिला आहे. मला जाडपेक्षा बारीक कर्ण कणभर जास्त का आवडतो, याचं कारण हेच. झळाळी सूर्याकडून आयती मिळते, 'राधेय' हे नाव मात्र कर्णानं स्वतः निवडलं.

अलीकडं सरकारनं नियम केला आहे, 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढं आधी आईचं नाव, मग वडलांचं. चांगला नियम. पण एखाद्या कचेरीत कर्णाचा अर्ज आला तर? वडलांच्या रकान्यात सूर्य लिहिलं तर पत्ता काय द्यायचा? बाबू चष्मा कपाळावर ढकलून म्हणेल, "आवो पावणं, आईची नावं दोन दिसत्यात. एक काय ते धरा." कुंती खिडकीपाशी पदर सावरत उभी असेल. आणि कर्ण, भावा, पेन मागून घेईल, सावकाश 'राधा' असं लिहील, आणि जाताना ते पेनही बाबूलाच देऊन टाकील.