शेवटच्या सम्राटाचा मुकुट

जगाच्या अंतीं येणाऱ्या सम्राटाची मध्ययुगीन ख्रिस्ती कथा अरबांच्या विजयांनीं हवालदिल झालेल्या एका सिरियाक लेखकानें इ. स. ६९१ च्या सुमारास लिहिली व हुतात्मा बिशप मेथोडियस याच्या नांवावर खपविली. सर्व शत्रूंस जिंकून हा रोमन सम्राट जेरुसलेमास जातो, आपला मुकुट क्रुसावर ठेवतो आणि राज्य देवाच्या हवालीं करतो. मुकुटासह क्रूस स्वर्गीं जातो. पृथ्वीवर मग ख्रिस्तविरोधकाचें राज्य! विजयाच्या शिखरावरील हा त्यागच आमच्या मतें कथेचा प्राण होय.

९५० च्या सुमारास आड्सो या मठवासीयानें राणी गेर्बेर्गा हिला लिहितांना हा मान फ्रँक राजास देऊन टाकला. राणी संतोषली असेल. कथेंत भर कांहींच पडली नाहीं. टेगर्नसे मठाच्या पोथींत सांपडलेलें, बार्बारोसाच्या काळचें लॅटिन नाटक मात्र निराळ्याच तोडीचें आहे. त्यांतील सम्राट वेदीपुढें मुकुट ठेवून केवळ जर्मनांचा राजा उरतो. ख्रिस्तविरोधकाच्या सैन्याचा तो रणांत पराभवही करतो. पण लंगडा चालूं लागतो, मृताचें सोंग घेतलेला उठून बसतो, आणि तरवारीस न नमलेला हा वीर त्या भोंदूपुढें नमतो! आपल्याच राजाचा भोळेपणा इतक्या निर्भयपणें दाखविणारा नाटककार विरळा.

पुढें जर्मन दंतकथेंत सम्राट डोंगराच्या पोटांत निजला. १८९६ सालीं क्यिफहॉयझर डोंगरावर त्याचें स्मारक झालें: खालीं जागा होणारा बार्बारोसा, वर घोड्यावर विल्हेम पहिला. मुकुट उतरविणारा तेथें कोणी नाहीं.