एका चौकातले दोन कोशुत

बुडापेस्टला संसदेसमोर लायोश कोशुतचं जे स्मारक आज दिसतं, ती प्रतिकृती आहे. यानोश होर्वाईचं मूळ शिल्प तिथे १९२७ मध्ये उभं राहिलं. कोशुत त्यात एकटा नाही. १८४८ च्या पहिल्या जबाबदार मंत्रिमंडळातले सहकारी सोबत आहेत आणि सगळे खिन्न, खाली मान घातलेले. क्रांतीचं स्मारक इतकं रडवं कशाला, अशी टीका तेव्हाच झाली.

मला ती पटत नाही. पंतप्रधान बाथ्यानीला १८४९ मध्ये गोळ्या घातल्या. सेचेनीनं पुढे आत्महत्या केली. कोशुत परागंदा झाला, १८९४ मध्ये तुरिनला वारला. मग चेहरे हसरे कुठून आणायचे? आणि दुसरं, ‘जबाबदार’ म्हणजे विधिमंडळाला जाब देणारं. कोशुत त्यात अर्थमंत्री होता, अनेकांतला एक. सेचेनीशी त्याचं वर्षानुवर्षं वाजलेलं. तरी दोघं एकाच चौथऱ्यावर! लोकशाही दगडात दाखवायची तर आणखी कशी दाखवणार?

१९५० च्या दशकात कम्युनिस्ट राजवटीनं हे शिल्प हलवलं. त्या जागी किश्फालुदी श्त्रोब्लचा कोशुत आला, हात उंचावून वाट दाखवणारा. मंत्री गेले, भोवती सामान्य माणसं आली. ही जमेची बाजू मानलीच पाहिजे, कारण होर्वाईकडे वेठबिगारीतून सुटलेला शेतकरी कुठेच नाही. पण ही माणसं नेत्याला काही विचारत नाहीत. त्यानं बोलवायचं आणि त्यांनी निघायचं, एवढंच. क्रोएट, रुमानियन, सर्ब, स्लोव्हाक मात्र दोन्ही शिल्पांत नाहीत. त्यांच्या हक्कांचा कायदा झाला जुलै १८४९ मध्ये, आणि ऑगस्टात तर शरणागतीच!

२०११ मध्ये संसदेनं ठराव केला, की चौक १९४४ पूर्वी होता तसा करायचा. होर्वाईच्या शिल्पाची प्रतिकृती आली. मूळचं दोम्बोवारला आहे, किश्फालुदीचं ओर्त्सी बागेत गेलं. शिल्प म्हणून निवड चांगली, पण कारण? १९४४ पूर्वीचा हंगेरी म्हणजे होर्टीचा हंगेरी: राजा नसलेलं राज्य आणि त्यावर राजप्रतिनिधी. कोशुतनं तर १४ एप्रिल १८४९ ला हाब्सबुर्गांना पदच्युत घोषित करवलं होतं. त्याला परत आणायचं, ते त्या काळाची शोभा म्हणून?

जवळच्याच हुतात्मा चौकात १९५६ च्या उठावातले पंतप्रधान इम्रे नॉज यांचा पुतळा होता, पुलावर उभा राहून संसदेकडे पाहणारा. डिसेंबर २०१८ मध्ये तोही तिथून उचलला. जुनं रूप परत आणायचंय, हेच कारण तिथेही दिलं गेलं.